बिनधुराचा कोळसा

मुरूम, १२ नोव्हेंबर १९६१

समोर राधाकाकूंकडं आज कोळशाची दोन पोती उतरली. बाभळीचा, खणखणीत वाजणारा. हमालानं विचारलं, "एवढा कशाला हो काकू, लगीन काढलं का?" काकू ओट्यावरून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा: "बाळतपण हाय सुनंचं. धूर नको खोलीत."

सून म्हणजे विमल. खोली म्हणजे तीच.

गेल्या डिसेंबरपासून या वहीत त्या घराचं नाव लिहिलं नव्हतं. आता लिहिणार. यापुढं रा.का. एवढंच. पूर्ण नावाला शाई घालवणार नाही.

विमलची थोरली बहीण शकू. माझी विद्यार्थिनी. त्याच घरात, त्याच दत्तूची बायको. त्याच खोलीत बाळंत झाली आणि चौथ्या दिवशी सकाळी बाजेवर मेलेली सापडली. कुशीतली लेक दुपारी गेली. तेराव्याला रा.का. बायकांच्या पंगतीत उभ्या राहून म्हणाल्या, शब्द न् शब्द पाठ आहे, "या बाईनं शाळंत शिकिवलं, खिडक्या उघड्या टाका, वारं घ्या. पोरीनं टाकली. वारं लागलं अन् मेली." तीस बाया वळून माझ्याकडं बघत होत्या. माझ्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो खाली ठेवला आणि घरी आले.

वर्षभर गप्प बसले. तीन महिन्यांत त्यांनी विमलला आणून शकूच्या जागी उभी केली, तेव्हाही गप्प. पोरींना आई नाही, बाप लोहाऱ्याच्या पलीकडं शेतावर. माहेर नावापुरतं.

पुरे झालं गप्प बसणं.

१४ नोव्हेंबर

शाळेत गेले होते, कुणी बोलावलं नसताना. रिटायर झालेल्या बाईला शाळेत खुर्ची मिळते, चहा मिळतो, ऐकून मात्र कुणी घेत नाही.

नवीन शास्त्राच्या बाईंनी फळ्यावर फुप्फुसं काढली होती. दोन वांगी. दोन्ही सारखी. मी मागच्या बाकावरून विचारलं, "डावं लहान का नसतं हो तुमच्यात?" मुली हसल्या. बाई लाजल्या. हृदयाला जागा लागते, म्हणून डाव्याचे भाग दोनच, उजव्याचे तीन. एवढं सांगून उठले. वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

शकूला हे एकदाच सांगावं लागलं होतं. श्वासनलिका म्हणजे उलटं झाड, बुंधा वर, फांद्या खाली, टोकाला पानांऐवजी फुगे. बोकडाचं फुप्फुस मी दर वर्षी खाटकाकडून आणायची, नळीत सायकलच्या पंपानं हवा भरायची. गावात ओरड: "बामणाची इधवा खाटकाच्या दारात." मुली नाक धरून मागं सरायच्या. शकू पुढं आली, फुगलेल्या फुप्फुसावर तळवा ठेवला. "बाई, हे तर लोण्यासारखं हाय."

बारा वर्षांची होती.

१६ नोव्हेंबर

आज जुनं इंग्रजी शरीरशास्त्र काढलं. मी शिकले त्या शाळेतल्या नन्सनी निरोपाच्या वेळी दिलेलं. हैदराबादेत यावरूनच शिकले. मग उर्दूतून शिकवलं, मग पोलीस ॲक्शननंतर सगळं पुन्हा मराठीतून. फेफड्याचं फुप्फुस झालं. आतलं काही बदललं नाही.

मला शोधायचं होतं ते सापडलं. इतकी वर्षं हे पान उलटून पुढं जात होते.

गुदमरून मेलेल्याचे ओठ निळे पडतात. शकूचे ओठ लाल होते. गाल गुलाबी. मी स्वतः पाहिलं. बाया म्हणाल्या, "सवाष्ण गेली, भवानीनं नेली, तोंड बघा कसं लक्ष्मीवानी." रा.का.नी तसंच कुंकू भरलं, आणि मी, पस्तीस वर्षं शास्त्र शिकवलेली बाई, तिथं उभी राहून मान डोलावली.

कोंडलेल्या जागी कोळसा अर्धवट जळतो. त्यातून एक वायू निघतो. वास नाही, रंग नाही. फुप्फुसाच्या फुग्यांतून तो रक्तात शिरतो, प्राणवायूची जागा बळकावून बसतो, उठत नाही. रक्त होतं तसंच लाल राहतं, उलट जास्तच लाल. माणूस श्वास घेत घेत मरतं.

म्हणजे वारं लागून मेली नाही. वारं न मिळून मेली. बाजेखालची शेगडी.

आता बघू कोण कुणाकडं वळून बघतं.

१९ नोव्हेंबर

दवाखान्यातले नवे डॉक्टर. वय अठ्ठावीस असेल. सगळं सांगितलं. पुस्तकही नेलं होतं.

"बाई, तुमचं बरोबर असेल."

"असेल?"

"आहे. बरोबर आहे. पण आता वर्ष झालं. तेव्हा माझ्या आधीचे डॉक्टर होते, त्यांनी हृदय बंद पडलं असं लिहिलंय."

"हृदय सगळ्यांचंच बंद पडतं. तुमचंही पडेल."

हसले. मग दाराकडं बघून हळूच म्हणाले, "मला या गावात दवाखाना चालवायचाय, बाई. राधाकाकूंचं घर आडतवाल्यांचं, त्यांच्याशी वाकडं घेऊन कसं चालेल?" आणि माझा रक्तदाब बघू का विचारलं. बघा म्हटलं. जास्त निघाला. ही सगळी गावाची कमाई.

२३ नोव्हेंबर

पुरावा पाहिजे. पुस्तक इथं कोण वाचणार? स्वतः करून बघितलं.

दुपारी तीन. स्वयंपाकघराचं दार लोटलं (कडी लावली नाही, अजून तेवढी वेडी नाही). खिडकीला गोणपाट. शेगडीत बाभळीचे निखारे, राखेनं झाकलेले. पाटावर बसले, घड्याळ समोर. ही नोंद त्याच वेळची, अक्षर बघावं:

३.०५ — श्वास मिनिटाला १६. नाडी ७६. धूर नाही. खोकला नाही. डोळ्यांत पाणी नाही.

३.२० — श्वास १७. ऊब छान.

३.३५ — कपाळ जड. श्वास १७च. नाडी ९८. श्वास का वाढत नाही? शरीराला कळतच नाहीये.

३.४५ — झोप. गोड झोप येते. उठावं असं वाट

इथं पेन्सिलीची रेघ खाली गेली आहे.

पुढचं आठवतं ते असं की मी उंबऱ्यावर आडवी आणि हुसेनबी मला बगलेत धरून ओढत होती. गावातली जुनी सुईण. मुलाचं हैदराबादेहून आलेलं पत्र माझ्याकडून वाचून घ्यायला आली होती. "कायकू मरने लगे बाई? पत्तर कौन पढेगा मेरा?"

मी ओकले. डोकं फुटत होतं. तिनं मला अंगणात टेकवलं, तोंडावर पाणी मारलं आणि एकदम थांबली. माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

"शकू भी ऐसीच थी. ऐसीच लाल."

मग खाली बसली आणि रडायला लागली. आज एवढंच. अजून मळमळतंय.

२४ नोव्हेंबर

हुसेनबीनं आज सगळं सांगितलं. आधी पत्र वाचून घेतलं. व्यवहारी बाई.

बाळंतपण तिनंच केलं होतं. दुसऱ्या दिवशी शकूनं खिडकी उघडली हे खरं. तिसऱ्या दिवशी रा.का.नी ती बंद करून खिळे ठोकले.

"तुझ्यासमोर?"

"हौ. मेरे सामने. चार खिळे. मैं बोली, अम्मा, इतना बंद नक्को करो. तो बोले, तू सुईण हाईस, सुतार न्हाईस."

"मग तेराव्याला गप्प का बसलीस?"

"आप कायकू गप बैठे?"

मी उठून चहा केला.

म्हणजे खिडकी उघडी नव्हतीच. त्या बाईनं खिडकी स्वतः खिळली, पोरगी आत मेली, आणि तेराव्याला तीस बायांसमोर उघड्या खिडकीचं खापर माझ्या डोक्यावर. शांत डोक्यानं. खिळे ठोकलेल्या हातानं मला बोट दाखवलं.

हुसेनबी साक्ष देणार नाही. रा.का.च्या घरची दोन बाळंतपणं वर्षाला, नात्यातली धरून. ती कशाला तोडेल. तिची गरजही नाही. खिळे अजून चौकटीत आहेत, माझ्या पडवीतून दिसतात. ऊन पडलं की चारही टोपणं चमकतात, वर्षभर बघून न बघितलेली.

२८ नोव्हेंबर

ठरलं. २७ डिसेंबरला शकूचं वर्षश्राद्ध. त्याच बाया येणार, तीच पंगत. त्याच जागी उभी राहून बोलणार. वाक्यं लिहून काढली, अकरा झाली. कापून पाच केली. शेवटचं: "आता कुणीतरी जाऊन त्या खिडकीचे खिळे मोजा."

चार वेळा मोठ्यानं म्हणून पाहिलं. मजा आली. खोटं कशाला लिहू, वर्षभरात इतकी मजा आली नव्हती. रात्री जेवणही गेलं.

३ डिसेंबर

विमल आली होती. मागच्या दारानं, डोक्यावर पदर, आठवा सरत आलेला. दोन जिने चढल्यासारखी धापत होती. पोट वर चढलं की छातीखालच्या पडद्याला खाली जायला जागा राहत नाही. बसवलं, पाणी दिलं.

हुसेनबीला मी सांगितलं होतं, तीच काही बोलली असावी. अर्धवट.

"बाई, श्राद्धाला तुमी कायतरी बोलणार हाव म्हणं."

"बोलणार."

"नका बोलू."

"तुझ्या बहिणीचं आहे हे, विमल. तुला सांगायला हवं की त्या दिवशी..."

तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. खरोखर ठेवला. आजवर माझ्या तोंडावर कुणी हात ठेवला नव्हता.

"काय झालं ते मला सांगू नका. मला त्याच खोलीत निजायचंय. तुमी बोलून घरी जाशीला. म्या कुठं जाऊ?"

ती गेल्यावर पाच वाक्यं पुन्हा वाचली. चांगली आहेत. पण श्राद्ध २७ला, आणि विमलचे दिवस जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात भरतात. माझ्या भाषणानंतर त्या घराचं दार मला बंद. हुसेनबीला बंद. आणि ती खोली आतून बंद.

शकूचा सूड की विमलचा श्वास. कुणी विचारलं असतं तर उत्तर सोपं होतं. कुणी विचारत नाही म्हणून अवघड.

९ डिसेंबर

मधला मार्ग म्हणून आज रा.का.कडं गेले. एकटीच. दुपारी, पुरुष आडतीवर असताना. वर्षानं तो उंबरा ओलांडला. त्या तूर निवडत होत्या. उठल्या नाहीत, बसाही म्हणाल्या नाहीत. मीच बसले.

सांगितलं. मास्तरणीसारखं सांगितलं, पायरी पायरीनं. नाक, नळी, फांद्या, फुगे, रक्त. कोळशाचा वायू. लाल ओठ. त्या तूर निवडत राहिल्या. मग हात थांबला.

"म्हंजे शकू कोळशानं मेली म्हणता."

"कोळशानं. आणि बंद खिडकीनं. वाऱ्यानं नाही."

"नक्की?"

"माझ्या अंगावर करून पाहिलंय."

त्यांनी मुठीतली तूर सुपात सोडली. मला वाटलं, आता. आता पडेल ही बाई. मी पदर सावरून बसले, बघायला.

"मग कोळसा कुणाचा?" त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"आमच्या घरात बाळतपणाला कोळसा कवा हुता? माझी सात झाली, सगळी गोवऱ्यांवर. धूर व्हायचा, डोळ्यांला धारा लागायच्या, खोकून खोकून जीव जायचा, मग कुणीतरी उठून दार उघडायचं. शकूच म्हणाली, गोवऱ्या नको आत्याबाई, कोळसा आणा. बाई सांगत्यात धुरानं फुफ्फुस काळं पडतं. बिनधुराचं जळण वापरावं. म्या गडी धाडून उमरग्यावरनं कोळसा आणिवला. तिच्यासाठी. अन् धूर न्हाय म्हणून तर खिडकी लावून घ्यायचा धीर झाला!"

मी तुरीच्या ढिगाकडं बघत बसले.

"खिडकी माझी," त्या म्हणाल्या. "कोळसा तुमचा. आता करा न्याय."

आणि पुन्हा तूर निवडायला लागल्या.

१० डिसेंबर

काही लिहायचं नाही.

१३ डिसेंबर

आठवलं. सातवीचा वर्ग, आरोग्यशास्त्राचा तास. मी एक पांढरं फडकं गोवरीच्या धुरावर धरलं, दुसरं निखाऱ्यावर. पहिलं काळं. दुसरं पांढरंच. दोन्ही वर्गात फिरवली. "बघा. हे तुमच्या आईचं फुप्फुस, हे तुमचं होऊ शकतं." टाळ्या. वीस-बावीस वर्षं हाच तास घेतला. इन्स्पेक्टरसाहेबांनी शेरा दिला होता, उत्तम.

फडकं पांढरं राहिलं म्हणजे हवा चांगली, असं मी शिकवलं. खिडकी उघडी ठेवा हेही शिकवलं, पण ते दुसऱ्या धड्यात. दोन धडे एकमेकांना कधी जोडले नाहीत. परीक्षेत दोन वेगळे प्रश्न यायचे.

तरी खिळे मी ठोकले नाहीत. खोटं मी बोलले नाही. पंगतीत बोट मी दाखवलं नाही. हे तीनदा लिहिलं तरी थोडंच पुरतंय.

रा.का.वरचा राग जरासुद्धा कमी झालेला नाही. फक्त आता तो ठेवायला पूर्वीइतकी मोकळी जागा नाही.

१८ डिसेंबर

पुन्हा गेले. या वेळी त्यांनी पाट दिला.

म्हटलं, खिळे काढा. शेगडी ओसरीत पेटू द्या, शेकायला तेवढी आत आणा, शेकून झालं की बाहेर. खिडकी वीतभर उघडी.

"अन् पोर गारठून मरू द्या?"

"दोन गोधड्या घाला. गारठलेलं लेकरू रडतं, आपल्याला कळतं. त्या वायूनं मरणारं रडत नाही."

हे लागलं. मग म्हणाल्या, "काढते. पण एक करा."

"काय?"

"श्राद्धाला बायांम्होरं उभं ऱ्हावा. म्हणा, कोळसा म्या सांगितला हुता."

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

"दत्तू वरीसभर माझ्या हातचं वाढलेलं जेवत न्हाय, बाई. विमल वाढती. मला आई म्हणून हाक मारीत न्हाय. त्याला वाटतं म्याच कायतरी केलं."

"केलंच की तुम्ही."

"केलं. तुमीबी केलं. तुमचं तुमी सांगा."

"आणि तुमचं?"

"माझं म्या बघन."

काय बाई आहे! माझा सूड माझ्याच हातात देऊन धार माझ्याकडं. पस्तीस वर्षं हेडमास्तरांशी, इन्स्पेक्टरांशी भांडले, इतका स्वच्छ डाव कुणी टाकला नाही. शाळेत असती तर हुशार मुलगी म्हणून डोक्यावर घेतली असती. म्हणून जास्तच चीड येते.

हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

२७ डिसेंबर

बोलले.

ब्राह्मण जेवून उठले, मग सवाष्णींची पंगत. मी विधवा, भिंतीशी बसले होते. उभी राहिले. कुजबुज एकदम थांबली. याच शांततेसाठी मी पाच वाक्यं घोटली होती, आणि त्यातलं एकही वापरलं नाही.

म्हणाले, "शकूला बिनधुराचा कोळसा वापर असं मी शिकवलं. बंद खोलीत तोच कोळसा जीव घेतो, हे शिकवलं नाही. ती त्यानं गेली. वाऱ्यानं नाही."

कुणीतरी म्हणालं, "म्हंजे बाईमुळंच की." रा.का. पाण्याची झारी घेऊन उभ्या होत्या, मान खाली. दत्तू दाराच्या चौकटीत. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग आईकडं, मग आत गेला. काय समजला कुणास ठाऊक.

खिळ्यांचं वाक्य जिभेवर होतं. अगदी टोकावर. विमल पोळ्यांची परात दोन्ही हातांनी पोटाच्या वर धरून माझ्याकडं बघत होती. श्वास रोखून. खरंच रोखून, खांदे वर अडकलेले. मी गिळलं.

एवढं मात्र केलं. बसता बसता म्हटलं, "घरी गेल्यावर प्रत्येकीनं आपापल्या बाळंतिणीच्या खोलीची खिडकी बघा. उघडते का ते बघा." तेव्हा झारीतलं पाणी एका पानावर जास्त सांडलं. तेवढीच माझी कमाई.

नन्सच्या शाळेत ख्रिस्ती मुली आठवड्याला लाकडी खोक्यात गुडघे टेकून पापं सांगायच्या आणि उड्या मारत बाहेर यायच्या. मी बाहेर बाकावर बसून त्यांचा हेवा करायची. एका कानात सांगून सुटका. माझं पाप तीस कानांत गेलं, सुटका काही दिसली नाही.

घरी आले. साखर घालून पाणी प्याले.

२८ डिसेंबर

सकाळी सुतार. पडवीत बसून बघितलं. चार खिळे. तिसरा घट्ट रुतून बसला होता, लवकर निघेना. रा.का. मागं उभ्या राहून, "जपून. चौकट फुटंल." चौकटीची काळजी!

खिडकी उघडली तेव्हा आतून धुळीचा लोट आला. वर्षाची कोंडलेली.

गल्लीतल्या दोघी-तिघी आज माझ्याशी बोलल्या नाहीत. शाळेतून निरोप: पुढच्या महिन्यात माझा सत्कार होता तो "तूर्त" पुढं ढकलला. ढकला.

४ जानेवारी १९६२

मुलगी. पहाटे. हुसेनबी म्हणाली, अडली नाही, सरळ आली, आल्याबरोबर ओरडली. तो पहिला ओरडा म्हणजे ओले मिटलेले फुगे हवेनं एकदम उघडतात. नऊ महिने पाण्यात राहिलेलं लेकरू एका क्षणात हवेचं होतं. हे शिकवताना माझ्या अंगावर दर वर्षी काटा यायचा, आजही आला.

खिडकी वीतभर उघडी. बघून आले. शेगडी ओसरीत.

मुलगी झाली म्हणून रा.का.चं तोंड एवढंसं. असू दे. रडणारी आहे.

७ जानेवारी

चौथा दिवस. सकाळपासून तीनदा पडवीत जाऊन बघितलं. खिडकी दुपारी मिटलेली दिसली. चप्पल न घालताच गेले. रा.का. ओट्यावर: "ऊन डोळ्यांवर येतंय म्हणून पडदा सोडलाय बाई. खिडकी उघडी हाय. जावा, बघा आत."

विधवेला बाळंतिणीच्या खोलीत जा म्हणाल्या. शेजारणीनं ऐकलं, तोंडावर पदर घेतला. "जावा म्हणलं न्हवं," रा.का. पुन्हा म्हणाल्या, आता मोठ्यानं.

आत गेले. पोरीचे श्वास मोजले. मिनिटाला बेचाळीस. नवजातांना ठीक. मधूनच एखादा चुकतो, मग भरभर दोन-तीन. तेही ठीक. विमल हसली. "बाई, तुमी तिला पाठ म्हणायला लावताव का काय?"

९ जानेवारी

काल पाचवीची पूजा झाली. आज दुपारी रा.का.नी बोलावलं, पोरीला खोकला वाटतोय म्हणून. खोकला नव्हता, शिंका होत्या. तरी बसले.

विमल भिंतीकडं तोंड करून निजलेली. पोर माझ्या मांडीवर. रा.का. उंबऱ्यात बसून वाती वळत होत्या. मग, वातीकडंच बघत, हळू:

"तिसऱ्या दिशी शकू म्हणाली, आत्याबाई, जरा उघडा, घुसमटतंय. म्या म्हणलं, घुसमटायला धूर कुठाय. अन् खिळे ठोकले. माझ्या हातानं. सुताराला बोलावलं असतं तर गावात झालं असतं."

मी पोरीचं दुपटं सावरलं.

"त्या रातीला ती परत म्हणाली का न्हाय, मला आठवत न्हाय. लई आठवून बघितलं."

हेच मला हवं होतं. वर्षभर. याच शब्दांत. तीस बायांसमोर हवं होतं, आणि मिळालं ते एका पाच दिवसांच्या पोरीसमोर. रा.का.नी वाती परातीत ठेवल्या आणि उठून गेल्या. त्यांना वाटलं, विमल झोपली आहे.

मी श्वास ओळखते. दुसरं मला काही येत असो नसो. झोपलेल्याचा श्वास खोल, सारखा, पोटातून चालणारा. बाहेर सोडल्यावर थोडा थांबा. विमलचा श्वास वरच्या छातीत होता, उथळ. आणि 'खिळे' शब्दाला तो पूर्ण थांबला होता. मी मनात सहापर्यंत मोजलं, तेव्हा पुन्हा सुरू झाला.

आता तिला ठाऊक आहे.

मी पोरीला तिच्या कुशीत ठेवलं. विमलनं डोळे उघडले नाहीत. हात मात्र बरोबर जिथं पोर होती तिथं आला. मी म्हटलं, "येते गं."

सव्वा महिना ती त्याच खोलीत, त्याच बाईच्या हातची लापशी खाणार आहे. मला आनंद व्हायला हवा. सूड माझ्या हातून निसटला तो दुसऱ्या, जास्त हक्काच्या हातात गेला. ती काय करेल? दत्तूला सांगेल? गिळेल, मी गिळलं तसं? मी तिला सांगितलं नाही, हे तरी खरं ना? की थांबवलं नाही म्हणजे सांगितलंच?

आता संध्याकाळचे साडेपाच. पडवीतून दिसतंय. खिडकी आता वीतभर नाही, पूर्ण उघडी आहे. दोन्ही दारं भिंतीला टेकलेली. आतून कुणीतरी उघडली. थंडी आहे. आतून रा.का.चा आवाज, "अगं लेकराला वारं लागंल," आणि विमलचं काहीच नाही.

अजून उघडीच आहे.